सगळी घड्याळं एकदम

आप्पा मनगटावर घड्याळ बांधत नसत. सुरतेच्या बमरोलीतल्या चोवीस माणसांची वेळ जुळवणारा हा माणूस, किती वाजले हे दुसऱ्याला विचारायचा. आणि भेटल्यावर 'कसं काय', 'बरं आहे ना' असलं काही नाही. पहिला प्रश्न एकच : "दिन का रात, भो?" म्हणजे सध्या दिवसपाळी की रातपाळी. कारखान्यातल्या माणसाला हे विचारणं ठीक आहे. पण ते डॉक्टरला, भाजीवाल्याला आणि देवळातल्या पुजाऱ्यालाही हेच विचारत. पुजारी एकदा वैतागून म्हणाला, "काका, देव चोवीस तास असतो."

"देवाचं कोण विचारतंय," आप्पा म्हणाले. "तुमचं विचारतो. बुधवारी पाच वाजता मोकळे आहात का? एक माणूस कमी पडतोय."

त्या वर्षी पुजारी बुद्धिबळाच्या अकराव्या पटावर बसला आणि त्या एका बुधवारी आरती अर्धा तास उशिरा झाली.

आप्पा धुळ्याकडचे. मी परभणीकडचा. ते अहिराणीत बोलायचे आणि बोलतात, पण मी इथे त्यांचं बोलणं बहुतेक माझ्या मराठीत लिहितो. मला अहिराणी नीट लिहिता येत नाही, आणि चुकीची लिहिली तर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, रागावतील. माणूस अजून खणखणीत आहे हेही आधीच सांगून ठेवतो. नाहीतर असं काही वाचायला घेतलं की लोक शेवटी वाईट बातमी येणार म्हणून धास्तावतात. वाईट यात एकच आहे, ते मी केलं होतं. त्यावर मी येईन. टाळणार नाही.

आप्पांनी चाळीस वर्षं माग चालवले. शेवटची कितीतरी वर्षं आमच्याच शेठकडे, म्हणजे आधी शेठच्या वडिलांकडे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची स्पर्धा सुरू केली. वर्षातून एक, सात फेऱ्यांची. खेळणारे सगळे आपलेच लोक : मागवाले, साड्यांच्या घड्या घालणारे, एक रिक्षावाला, हजीऱ्याला क्रेन चालवणारा एक, इच्छापोरला ठेक्यावर जाणारे दोघे, आणि घरी बसून साड्यांवर टिकल्या लावणारी एक मावशी. मावशी टिकली लावते त्याच बोटांनी प्यादं उचलायची, अलगद, आणि समोरच्याच्या घशात घालायची.

स्वतः आप्पांना खेळता येत नव्हतं. म्हणजे मोहरे कसे चालतात ते माहीत होतं, पण त्यांना कोणीही हरवायचं. याची त्यांना लाज नव्हती. "मला खेळता येत नाही म्हणूनच मी पंच," ते म्हणायचे. "खेळणारा पंच झाला की तो मनातल्या मनात चाली सांगतो. चेहऱ्यावर दिसतात."

आता यात अडचण काय, ते सांगतो. सुरतेत सगळ्यांना एका वारी सुट्टी नसते. बमरोलीच्या कारखान्यांची एका वारी, इच्छापोरची दुसऱ्या, हजीऱ्याच्या माणसाची तर सुट्टी फिरती. त्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या, सात ते सात, आणि दर पंधरा दिवसांनी दिवसवाला रात्री आणि रातवाला दिवसा. पहिल्या सहा फेऱ्यांना आप्पा मोकळीक द्यायचे. आठवडाभरात दोघांनी मिळून कधीही, कुठेही खेळावं. लोक चहाच्या गाडीवर खेळले, गच्चीवर खेळले, कापडाच्या तागांवर पट मांडून खेळले. पण सातवी फेरी, शेवटची, ती सगळ्यांनी एकाच हॉलमध्ये, एकाच क्षणी सुरू करायची. यात तडजोड नाही.

"शेवटच्या फेरीत दुसऱ्याचा निकाल आधी कळला," आप्पा म्हणायचे, "की माणूस पटावर खेळत नाही, त्या निकालावर खेळतो. बरोबरीनं भागतंय असं दिसलं की बरोबरी मागतो. म्हणून शेवटच्या फेरीत सगळी घड्याळं एकदम."

घड्याळं म्हणजे मोबाइल. पटाच्या बाजूला एक मोबाइल आडवा ठेवायचा, त्यात बुद्धिबळाचं घड्याळ. आणि सुरुवात आप्पांच्या धोट्यानं. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तो लाकडी, टोकदार तुकडा. आप्पांनी त्यांच्या पहिल्या मागावरचा एक जपून ठेवला होता. तो ते स्टीलच्या तांब्यावर एकदा हाणायचे, आणि बारा पटांवर बारा बोटं पडायची.

पण चोवीस माणसं एका वेळी मोकळी मिळणार कशी? त्यासाठी आप्पांचं कापड होतं.

मीटरभर कोरं कापड, भिंतीवर दोन खिळ्यांना टांगलेलं. त्यावर पेनानं उभ्या रेघा मारून दिवस आणि तास पाडलेले. प्रत्येक खेळाडूचा एक आडवा रंगीत दोरा, धावदोऱ्यानं घातलेला. माणूस कामावर असेल त्या तासांना दोरा कापडाच्या मागे, मोकळा असेल तेव्हा पुढे. ज्या उभ्या पट्टीत चोवीसच्या चोवीस दोरे पुढे दिसतील, ती शेवटच्या फेरीची वेळ. तशी पट्टी आपोआप कधीच मिळायची नाही. दोन-तीन दोरे मागे दडलेले असायचेच. मग आप्पा चपला घालायचे आणि ते दोरे पुढे आणायला निघायचे.

दोरे काकू घालायच्या, आणि कोणाची पाळी बदलली की उसवायच्याही. "यासनी पाळी बदली की मनी सुई चालू," असं त्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. पण दोऱ्यांचे रंग त्याच निवडायच्या. माझा चॉकलेटी होता. मी एकदा म्हटलं, "काकू, मला जरा बरा रंग द्या की." त्या म्हणाल्या, "सुपरवायझरला धूळ बसली तरी न दिसणारा रंग बरा."

दोरा पुढे आणायचा म्हणजे काय करायचं, याच्या कितीतरी गोष्टी आहेत. घड्या घालणाऱ्या एकाच्या मेहुणीची हळद नेमकी त्याच संध्याकाळी होती. आप्पा सरळ लग्नघरी गेले आणि हळद तीन वाजता लावता येईल का म्हणून विचारू लागले. मुलीकडच्यांना वाटलं हे मुलाकडचे कोणी वडीलधारे, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. दोन्हीकडून त्यांना जेवायला बसवलं आणि हळद तीनला लागली. क्रेनवाल्याची कंपनीची बस संध्याकाळी पावणेसहाला निघायची. आप्पा रस्त्यात बससमोर जाऊन उभे राहिले आणि ड्रायव्हरशी बोलले. काय बोलले कोणास ठाऊक. बस त्या दिवशी 'पंक्चर' झाली, आणि पुढच्या वर्षी ड्रायव्हरचा हिरवा दोरा कापडावर होता.

मी हे सगळं हसत बघायचो. मलाही त्या स्पर्धेत फार गोडी होती. आणि आता मी माझ्यावर येतो.

आमच्या शेठकडे अजून जुने, धोट्याचे माग आहेत. मी तिथे सुपरवायझर. कोण दिवसाला, कोण रात्रीला, हे खडूनं फळ्यावर लिहिणं माझं काम. माझ्या हाताखाली गोकुळ नावाचा मागवाला होता, शिरपूरकडचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, गप्प गडी. तो लागोपाठ तीन वर्षं स्पर्धा जिंकला होता. तिन्ही वर्षं मी दुसरा होतो.

विजेत्याला आमचे शेठ एक साडी द्यायचे. बुद्धिबळाचं बक्षीस साडी, हे परगावच्या माणसाला विचित्र वाटेल, पण सुरतेत शेठ देणार तर साडीच देणार. गोकुळची बायको मंडळाच्या हळदीकुंकवाला ती नेसून यायची. कोणीतरी विचारायचं, कुठून घेतली. ती म्हणायची, "आमच्या ह्यांनी जिंकली." माझी बायको तिथेच बसलेली असायची. घरी येऊन ती एक शब्द बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. कारखान्यात मात्र चहाच्या वेळी बोलणं व्हायचं. "साहेब फळ्यावर एक नंबर, पटावर दोन नंबर." मी हसायचो. आतून हसत नव्हतो.

चौथ्या वर्षी सहा फेऱ्या झाल्या तेव्हा गोकुळ माझ्यापुढे अर्ध्या गुणानं होता, आणि शेवटच्या फेरीत आमची गाठ होती. त्याला बरोबरी पुरे. मला जिंकायलाच हवं. आप्पांनी बुधवार, संध्याकाळी पाच ही वेळ काढली होती. गोकुळ त्या पंधरवड्यात रातपाळीला होता, म्हणजे पाचला मोकळा. चोवीस दोरे पुढे होते.

रविवारी मी फळा पुसला आणि गोकुळचं नाव दिवसाच्या रकान्यात लिहिलं.

कारण तयार ठेवलं होतं. दिवसपाळीचा एक जण गावाला गेलाय, माणूस नाही. हे खरं होतं. पण त्याच्या जागी दुसरे दोघे लावता आले असते, हेही खरं होतं. रात्र करून आलेला गोकुळ तसाच दिवसाला उभा राहिला. मंगळवारी तो माझ्याकडे आला.

"साहेब, उद्या साडेचारला सोडाल का? फेरी आहे."

"बारा माग मोकळे सोडू का, गोकुळ? शेठला तू सांगशील?"

त्यानं केसांतला कापूस झटकला. मग म्हणाला, "बरं." आणि गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो, ते मला अजून दिसतं. अर्ध्या तासात खेळाडू आला नाही तर डाव समोरच्याला मिळतो, असा आप्पांचाच नियम होता. मी हिशोब पूर्ण केला होता.

बुधवारी मी शेठची परवानगी घेऊन चारला निघालो, घरी जाऊन आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. हॉलवर पोचलो तर पंचाच्या खुर्चीवर काकू. पुढ्यात तांब्या, हातात धोटा, डोळ्यांवर चष्मा.

"आप्पा?" मी विचारलं.

"कामावर गेलेत," काकू म्हणाल्या.

पाचला पाच कमी असताना गोकुळ दारात उभा. केसांत कापूस, भुवयांत कापूस, अंगात कारखान्याचाच बनियन. तो माझ्यासमोर बसला आणि मोहरे सरळ करू लागला.

"मागांवर कोण आहे?" मी विचारलं.

"आप्पा," तो म्हणाला. "साडेचारला आले. शेठ म्हणाले, 'काका, तमे? आ उंमरे?' तर म्हणतात कसे, 'उमर मागाला विचारा, शेठ. तो नाही म्हणाला तर जातो घरी.' मला हात धरून बाहेर काढलं."

काकूंनी तांब्यावर धोटा हाणला. सगळी घड्याळं एकदम सुरू झाली.

खरं सांगायचं तर इतकी मजेदार फेरी कधी झाली नसेल. तासाभरानं चौथ्या पटावर भांडण झालं. रिक्षावाल्यानं हत्तीला हात लावला आणि खेळला उंट. टिकल्यावाली मावशी म्हणाली, हात लावलास तो मोहरा खेळ. तो म्हणाला, मी नुसता सरळ करत होतो. काकू म्हणाल्या, "थांबा, पंचाला विचारते," आणि बाराही घड्याळं थांबवायला लावून फोन लावला. फोनमधून बारा मागांचा खडखडाट हॉलभर पसरला.

"काय?" आप्पा त्यातून ओरडत होते. "कोणले हात लावा?"

"हत्तीले," काकू ओरडल्या.

"बत्ती? बत्ती गेली का?"

"हत्तीले हो, हत्तीले," आता सगळा हॉल ओरडत होता, पुजाऱ्यासकट.

"मंग हत्तीच," आप्पा म्हणाले. "आणि फोन ठेवा, माझी कांडी संपली." मागावर सुताची कांडी संपली की ती बदलावी लागते, नाहीतर कापड रिकामं पडतं. रिक्षावाल्यानं हत्ती खेळला आणि पुढच्या चार चालींत हरला. गोकुळसुद्धा हसला. हसता हसता त्यानं जांभई दिली. तीन दिवसांची जांभई होती ती.

त्यानंतर थोड्याच वेळात त्यानं घोडा उठवला आणि त्याचा वजीर माझ्या उंटासमोर उघडा पडला. त्याला ते दिसलं नाही. मला दिसलं. मी पटाकडे बघत राहिलो. वजीर न मारण्याची एक चाल होती, साधी, हत्ती बाजूला घ्यायचा. मी ती बघितली. आणि वजीर मारला.

गोकुळनं कपाळाला हात लावला, मग हात पुढे केला. "मस्त, साहेब."

आप्पा साडेसातला आले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, इतके खुशीत की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "बारा माग," ते प्रत्येकाला सांगत होते, "आणि एक डाग नाही कापडात." मग मला साडी दिली, जांभळी, सोनेरी काठाची, आणि म्हणाले, "शेवट चांगला खेळलास. सुरुवात कच्ची होती." मी मान खाली घालून घेतली.

बायको ती साडी नेसली तेव्हा आरशासमोरून हलेना. त्यानंतर ती कपाटातून जेव्हा जेव्हा निघाली, मला बाहेर काहीतरी काम निघालं.

पुढच्या वर्षांत गोकुळ पुन्हा जिंकला, एकदा क्रेनवाला जिंकला, मध्ये साथीची दोन वर्षं स्पर्धाच झाली नाही. मी खेळत राहिलो, पण पहिल्या पटापर्यंत पोचलो नाही. पोचायचं नव्हतं, असंही म्हणता येईल.

गेल्या वर्षी आप्पांनी मला घरी बोलावलं. रविवारची दुपार. काकू कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होत्या. आप्पा म्हणाले, "डोळे गेले आता. दोरा पुढे की मागे कळत नाही. पंच तू हो."

मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. आठ वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तिथे, त्या ताटासमोर, सांगितलं. फळा, खडू, गावाला गेलेला माणूस, हत्ती बाजूला घ्यायची ती चालसुद्धा.

आप्पांनी सगळं ऐकलं. मग काकूंना म्हणाले, "ते कापड काढ."

काकूंनी हात धुतले आणि ट्रंकेतून घडी काढली. त्या वर्षीचं कापड. प्रत्येक स्पर्धेचं त्यांनी ठेवलं होतं. त्यांनी ते माझ्या पुढ्यात पसरलं आणि एका निळ्या दोऱ्यावर बोट ठेवलं. बुधवारच्या पट्टीत निळा दोरा मागे गेला होता, आणि पुढच्या बाजूला सुईच्या भोकांची एक ओळ होती, जिथून तो उसवला होता.

"तुमच्या कारखान्याचे पाच दोरे," आप्पा म्हणाले. "पंधरवडा संपायला आठ दिवस होते. चार जागच्या जागी. एकच हलला. तोही तुझ्या सामनेवाल्याचा."

"मीच उसवला," काकू म्हणाल्या. "तेव्हाच यांना म्हटलं, हे त्या चॉकलेटी दोऱ्याचं काम आहे."

"तुम्हाला माहीत होतं? मग तेव्हा का नाही बोललात?"

"मी पंच आहे. तक्रार आल्याशिवाय पंच निकाल देत नाही. गोकुळनं तक्रार केली नाही. मी त्याला सांगितलं असतं तर तो तुझ्याशी भांडला असता आणि डाव राहिला असता. मला डाव पाहिजे होता." मग त्यांचे डोळे चमकले. "आता मात्र तक्रार आली. तक्रार करणारा तू, ज्याच्याविरुद्ध तोही तू. साक्षीदार ही. हं, आता देता येईल निकाल."

काकू परात बाजूला सारून खरंच साक्षीला बसल्या. आप्पांनी धोटा मागवला, ताटावरच हाणला आणि निकाल दिला. "पटावर जे झालं ते पटावर. तो डाव तुझाच राहील. गोकुळनं वजीर स्वतःच्या हातानं ठेवला. पण गोकुळला तू स्वतः सांगायचं. आज."

"आणि पंच?" मी म्हटलं. "ते आता दुसऱ्या कोणाला तरी..."

"का? पाळी कशी बिघडवायची हे माहीत असलेला माणूस मला दुसरा कुठे मिळणार? कापडावर एक दोरा हलला की तुला कळेल, आधी कोणाकडे बघायचं ते." त्यांनी भाकरीचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. "बठ. जेवीसन जाय."

मी गोकुळकडे गेलो. तो दारात बसून मुलाची सायकल नीट करत होता. मी सांगत असताना त्यानं पान्हा खाली ठेवला नाही. संपल्यावर म्हणाला, "साहेब, पाळी तुम्ही मुद्दाम बदलली हे मला त्याच दिवशी वाटलं होतं. पण झोपेमुळे हरलो असं नका म्हणू. तुमचा उंट मला दिसलाच नाही. तेवढं तरी माझ्याकडे राहू द्या."

"गोकुळ, पण..."

"आणि खुन्नस म्हणाल तर पुढच्याच वर्षी काढली की. तिसऱ्या फेरीत. अठ्ठावीस चालींत." तो हसला. "मी मोजल्या होत्या."

बायकोलाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती साडी घेऊन गोकुळच्या बायकोकडे गेली. तिथे दोघींचं काय बोलणं झालं ते मला अजून सांगितलेलं नाही. साडी अर्धं वर्ष आमच्या कपाटात असते, अर्धं वर्ष त्यांच्या.

यंदा मी पंच होतो. दोरे काकूंनी घातले, वेळ मी काढली. गुरुवार, संध्याकाळी पाच. तेवीस दोरे पुढे, एक मागे. निळा. या वेळी खरोखरच माणूस नव्हता, तिघे तापानं पडलेले. गोकुळ आघाडीवर होता आणि त्याची गाठ मावशीशी. मावशी त्याच्या अर्धा गुण मागे. मी दोन दिवस फळ्यासमोर उभा राहून सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. मग आप्पांकडे गेलो.

"निळा पुढे येत नाही," मी म्हटलं.

"मग?"

"माग मला नीट चालवता येत नाहीत, आप्पा. लावायला, बंद करायला येतात. पण बारा एकदम कधी नाही."

आप्पा काकूंना म्हणाले, "तांब्या घासून ठेव."

गुरुवारी साडेचारला मी गोकुळला बाहेर काढलं. शेठ दारात उभे होते. "साहेब, तमे?" ते म्हणाले, आणि कानांवर हात ठेवून निघून गेले.

ते अडीच तास मी कधी विसरणार नाही. इतकी वर्षं मी बारा मागांमधून हात मागे बांधून फिरत होतो. आता एका मागाचा तुटलेला धागा जोडतोय तोवर दुसऱ्याचा तुटायचा, दुसऱ्याकडे धावतोय तोवर तिसऱ्याची कांडी संपलेली. घाम नाकावरून कापडावर पडत होता. माग नंबर सात तर माझ्यावर रुसूनच बसला होता. त्याच्या कापडात मी असे काही डाग पाडले, अशा पट्ट्या सोडल्या की माझ्या हाताखालच्या कोणी तसं केलं असतं तर मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो असतो. आणि तरी मला मजा येत होती, हे लिहायला हरकत नाही. दोनदा खिशात फोन थरथरला. दोन्ही वेळा हॉलमधून काकू. काही ऐकू आलं नाही. मी दोन्ही वेळा ओरडलो, "हात लावला तोच." मागून कळलं की पहिल्यांदा त्या चहा किती मागवू विचारत होत्या.

सात वाजत आले तेव्हा गोकुळ दारात दिसला. त्याच्या मागे आप्पा, काठी टेकत. मागांच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, तिथे हातानं बोलतात. मी हातानं विचारलं, काय झालं. गोकुळनं एक बोट उभं केलं, मग दुसऱ्या हातानं ते मधोमध कापून दाखवलं. अर्धा. बरोबरी.

म्हणजे साडी त्याचीच. मी दोन्ही हात वर केले. त्यानं नकारार्थी मान हलवली. मग एका हाताचं बोट आणि अंगठा जुळवून कापडावर टिकली लावल्यासारखं केलं, आणि पदर डोक्यावरून घेतल्यासारखा. त्यानं साडी मावशीला दिली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या बाईला.

तो माझ्या हातातून कांडी घेऊन कामाला लागला. आप्पा मात्र सात नंबरच्या मागाजवळ गेले, डोळे अगदी कापडाला टेकवून बघू लागले. मग बोटांनी चाचपू लागले. पट्ट्या, गाठी, घामाचे डाग, सगळं. मी मान खाली घालून उभा राहिलो, त्या साडीच्या दिवशी उभा होतो तसा.

त्यांनी हात वर करून माग थांबवायला लावला. गोकुळकडून कात्री घेतली, माझं तेवढं मीटरभर कापड कापलं, घडी केली आणि बगलेत मारली.

"आप्पा, ते डागी आहे," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "फेकून द्यायचं आहे."

"फेकतोस कशाला," ते ओरडले. "पुढच्या वर्षीचे दोरे यावर घालू."